हरणाच्या दगडावर ऊन पाडणारा आरसा

मी एक जुना आरसा आहे. जुना म्हणजे कोपऱ्यांना काळे डाग पडलेला, एका कडेला तडा गेलेला आणि लाकडी चौकटीत चार खिळ्यांवर कसाबसा तग धरून असलेला. चेहरा बघायला मला आता कोणी हातात घेत नाही. चुकून घेतलेच, तर लगेच खाली ठेवतात. तरीही मित्रांनो, लांबलांबची माणसे समुद्र ओलांडून येतात आणि माझ्या मागे मुकाट्याने रांग लावून उभी राहतात. ही बढाई नाही. आम्हा आरशांना बढाई मारताच येत नाही, कारण समोर असेल तेवढेच दाखवायचे हा आमचा धंदा. डावे-उजवे तेवढे उलटे होते. तो जन्माचा दोष आहे, त्याला माझा इलाज नाही.

जन्माचे म्हणाल, तर आधी मी नुसती काच होते. एका लांबलचक कारखान्यात मला टेबलावर आडवी घालून धुतली, पाठीवर चांदीचे पाणी ओतले, त्यावर तपकिरी रंगाचा हात फिरवला, आणि काच होते तो मी आरसा झालो. रंग वाळल्यावर एका कामगार बाईने मला उभा केला, माझ्यात बघून डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मला ‘पास’च्या ढिगात टाकले. तेव्हा मी चांगला पुरुषभर उंच होतो. आता माझी उंची हातभर आहे. मधे काय झाले ते सांगतो.

बंदराच्या गावात एका शिंप्याचे दुकान होते. दुकानाच्या मागे, पडद्याआड, कपडे घालून बघायची एक अरुंद खोली होती. तिथे माझी पहिली नोकरी. पोट आत ओढून धरणारी माणसे मी तिथे इतकी बघितली, की श्वास सोडलेला माणूस कसा दिसतो हे मी जवळजवळ विसरून गेलो होतो. एकदा एक गिऱ्हाईक शिंप्यावर उखडले.

“तुमचा आरसा जाड दाखवतो.”

“साहेब, माप मी तुमचं घेतलंय, आरशाचं नाही,” शिंपी म्हणाला.

त्या दुकानात माझे दिवस बरे चालले होते. मग दुकानाला रंग द्यायचा ठरला. मला भिंतीवरून उतरवताना रंगाऱ्याचा हात निसटला आणि माझे तीन तुकडे झाले. दोन तुकडे कचऱ्यात गेले. तिसरा, म्हणजे मी, शिंप्याने कडा घासून एका चौकटीत बसवला आणि बेटावर राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे पाठवून दिला. फुटका आरसा बहिणीला पाठवतात का, म्हणून त्याची बायको त्याला बरेच बोलली. पण लाँच सुटली होती आणि मी लाँचमध्ये होतो.

बेट तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे राहणारी घरे नऊ-दहा. पण बेट प्रसिद्ध आहे ते या घरांमुळे नव्हे. टेकाडावर माणसाच्या दुप्पट उंचीचे सात दगड गोल करून उभे केलेले आहेत. लोखंड माहीत नसलेल्या काळातल्या माणसांनी ते उभे केले. त्यांच्या अलीकडे मोठमोठ्या शिळा रचून केलेली एक दगडी खोली आहे. तिच्यात वाकून जावे लागते. आणि समुद्राकडच्या उतारावर काही सपाट खडक आहेत, त्यांवर त्याच माणसांनी दगडानेच टोचे मारून आकृत्या कोरल्या आहेत. त्या कोरीव रेषा नखाच्या जाडीहून खोल नाहीत. भर दुपारी समोर उभे राहिलात तरी तुम्हाला फक्त खडक दिसेल.

शिंप्याची बहीण धक्क्यापाशी चहाचे दुकान चालवायची. तिचा नवरा पाहुण्यांना हे दगड दाखवायचा. त्याच्या छातीवर सरकारी बिल्ला होता आणि शर्टाच्या खिशात कायम खडू. म्हणून अख्खे बेट त्यांना खडूमामा म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला मामी. खरे मामा-मामी ते एकाच व्यक्तीचे, ती म्हणजे पाहुण्यांची लाँच चालवणारी त्यांची भाची. मी आलो तेव्हा पाच वर्षांची, आता पस्तिशीची, कमी बोलणारी, सुकाणू धरून हाताला घट्टे पडलेली. ती याच घरात वाढली होती.

मी मामींच्या घरात जेमतेम महिनाभर भिंतीवर होतो. दगडी खोलीत आत काळोख असतो आणि मामांची बॅटरी ऐन वेळी मान टाकायची. एका दिवशी वैतागून ते घरी आले, मला खिळ्यावरून काढले आणि घेऊन गेले. खोलीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी माझ्यावर ऊन घेतले आणि आत फेकले. मागची भिंत, छताची शिळा, कोपऱ्यातले कोळ्याचे जाळे, सगळे लख्ख दिसले. आतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, शिंप्याकडे इतकी वर्षे काढली, पण माझ्यासाठी टाळ्या तिथे कोणी वाजवल्या नव्हत्या. त्या दिवसापासून माझा मुक्काम दगडी खोलीपाशी, एका फडक्यात.

पण बेटाचा खरा मान माझा नव्हता. तो हरणाचा होता.

उतारावरच्या सगळ्यात मोठ्या खडकाला ‘हरणाचा दगड’ म्हणत. त्यावर कोरलेले हरीण मामांच्या वडिलांनी पहिल्यांदा लोकांना दाखवले होते. रेषा दिसत नाहीत म्हणून वडील त्या खडूने गिरवायचे. या कामाला त्या घरात ‘हरीण उजळणे’ म्हणत. वडील गेले आणि उजळायचे काम मामांकडे आले. रोज सकाळी पहिली लाँच लागायच्या आत ते खडकावर गुडघे टेकून बसायचे आणि हरीण उजळायचे. आधी पोट, मग पाठ, मग वर वळलेली मान, चार पाय, अंगावरचे ठिपके, शिंगे, आणि शेवटी डोळा. डोळ्यापाशी त्यांचे मन लवकर भरायचे नाही. पुसून पुन्हा काढायचे. संध्याकाळी शेवटचा पाहुणा गेला की बादलीभर पाणी आणि मामींचा भांडी घासायचा जुना ब्रश घेऊन सगळे घासून काढायचे. उद्याच्या लोकांना ताजे हरीण मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे भाषण मला तोंडपाठ झाले होते. “हे हरीण बघा. एकटं आहे. मान वर करून समुद्राकडे बघतंय.” मग कोणीतरी विचारायचेच, की बेटावर हरीण आले कुठून? मामा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “पोहत.” लोक हसायचे. एकदा एका शाळेच्या सहलीतली मुलगी म्हणाली, “मग ते पोहत परत का नाही गेलं?” मामा घाईने पुढच्या दगडाकडे वळले. ते त्यांना फार लागले होते. रात्रीच्या जेवणाला दोन घास कमीच गेले, असे मामी दुसऱ्या दिवशी चहाच्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या.

मला त्या खडूबद्दल काय वाटायचे, असे विचाराल तर खरे सांगतो. मला हेवा वाटायचा. मी उजेड पाडायचो तो तेवढ्यापुरता, मला बाजूला केले की खोली पुन्हा काळी. खडूचे हरीण मात्र दिवसभर दिमाखात उभे. तिकिटावर हरीण, लाँचच्या कडेला हरीण, मामींच्या चहाच्या पाटीवर हरीण. घासण्याबद्दल मात्र मला काहीच वाटले नाही. वाटायला हवे होते. मी आरसा आहे, घासणे म्हणजे स्वच्छता एवढेच मला माहीत.

अशी तीस वर्षे गेली. मग एके दिवशी मोजणीवाले आले.

जुना धक्का मोडकळीला आला होता. नवा धक्का बांधायचा आणि तिथून टेकाडापर्यंत गाडीरस्ता करायचा, असे ठरले. रस्ता जाणार होता समुद्राकडच्या उतारावरून. उभे सात दगड आणि दगडी खोली सरकारी यादीत होती, त्यांना धक्का लागणार नव्हता. कोरलेले खडक यादीत नव्हते. यादी जुनी होती आणि ती करणाऱ्यांना तेव्हा हे खडक दिसलेच नव्हते. मोजणीवाल्यांनी हरणाच्या दगडावर लाल रंगाची फुली मारली आणि ते निघून गेले. लाल फुली म्हणजे फोडायचा दगड.

मामांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी उत्तर आले, की पुरातत्त्व खात्याच्या एक नोंदणी करणाऱ्या बाई शुक्रवारी येतील. कोरीव काम बघतील, त्याचे चित्र उतरवून घेतील, आणि त्यांना योग्य वाटले तर दगड यादीत जाईल. नवी यादी पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होती. म्हणजे संधी एकच.

“एकदा हरीण बघितलं की बाई सहीच करणार,” मामा सगळ्यांना सांगत सुटले.

तो शुक्रवार यायच्या आधीचा सोमवार होता. सोमवारी बेट पाहुण्यांना बंद असते, त्यामुळे खडकावर खडू नव्हता. माझ्या चौकटीचा एक खिळा निघाला होता म्हणून भाची मला दुरुस्तीसाठी घरी घेऊन चालली होती. उतारावर तिच्या बुटाची नाडी सुटली. तिने मला गवतात एका धोंड्याला टेकवून ठेवले आणि ती वाकली. दुपार कलली होती आणि टेकाडावरच्या एका उभ्या दगडाची सावली हरणाच्या खडकावर पडली होती. त्या सावलीत मी, काही मनात नसताना, खालून अगदी तिरपे ऊन फेकले.

भाची नाडी बांधायची विसरली.

सरळ उन्हात न दिसणाऱ्या रेषा तिरप्या उन्हात सावली धरतात आणि उठून दिसतात. हे मला तोवर माहीत नव्हते, तिलाही नव्हते. ती खडकापाशी गुडघ्यावर बसली. हात न लावता बोट हवेत फिरवत तिने एक लांब रेष शोधली. रेषेची टोके दोन्हीकडे वर वळलेली होती. रेषेवर एकाशेजारी एक छोट्या उभ्या रेघा, खाली दोन-दोन पाय फुटलेल्या, आणि प्रत्येक रेघेच्या डोक्यावर एक गोल ठिपका.

“ही तर होडी आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “आणि ही माणसं.”

होडी ओळखायला होडीवालीच लागली. हरणाचे पोट म्हणजे होडीचा तळ होता. वर वळलेली मान म्हणजे होडीचे पुढचे टोक. अंगावरचे ठिपके म्हणजे माणसांची डोकी. चार पाय म्हणजे खडकाला आपोआप पडलेल्या चार भेगा. आणि पाठ, शिंगे, डोळा? ते कशाचेच नव्हते. वडिलांनी एकदा अंदाजाने जोडलेल्या रेषा मामांनी आठवणीने गिरवल्या, आणि काल गिरवलेले आज गिरवत गेले. खडूखाली काय आहे ते पुन्हा बघायचे कोणाला सुचलेच नाही.

माझा खिळा राहिला तो राहिलाच. भाची मला घेऊन थेट चहाच्या दुकानात गेली आणि मामींना सगळे सांगितले. मामी कप विसळत होत्या. त्यांनी ऐकून घेतले, हात पुसले आणि स्टुलावर बसल्या.

“नक्की होडी?”

“नक्की. वल्ह्यांच्या जागा पण दिसतात मामी.”

“बेटावर येणारे होडीतूनच येणार म्हणा,” मामी म्हणाल्या. “पण त्यांना कोण सांगणार? तीस वर्षं लोकांना दाखवलंय. वडिलांचं नाव निघालं की त्या हरणाचं निघतं. मी काय सांगू, अहो, तुमचं हरीण बुडालं म्हणून?”

“शुक्रवारच्या आत सांगायला हवं.”

“हवं खरं. तू सांग.”

“मी?”

“मग मी?”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच जाऊन सांगणार होतो. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारही गेला. मामा इतके खुशीत होते की त्यांच्यापुढे विषय काढायची कोणाची छाती झाली नाही.

शुक्रवारी पहाट सरते न सरते तोच मामा खडकावर हजर. नवी कोरी खडूची पेटी फोडलेली. पाहुण्या खास, म्हणून शिंगांना पिवळा खडू. भाची लाँच घेऊन निघायच्या आधी मुद्दाम उतारावर आली. मला तिने बरोबर आणले होते.

“मामा, आज खडू नको लावू या.”

“वा! बाईंना काय कोरा दगड दाखवू?”

“दगड आहे तसा बघू दे की त्यांना.”

“अगं, आहे तसाच दाखवतोय. फक्त उजळतोय.”

तिने मला दगडी खोलीपाशी ठेवले आणि ती लाँच आणायला गेली. तिचा मला राग आला. मग वाटले, तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो, आणि माझी गोष्ट तर अशी की मला बोलताच येत नाही.

बाई दुपारी बाराला उतरल्या. पन्नाशीच्या, उन्हाची टोपी, पाठीवर पिशवी, हातात पारदर्शक कागदांची गुंडाळी. चहा नको म्हणाल्या. थेट उतारावर आल्या. मामांनी हात पुढे करून हरीण दाखवले. पिवळी शिंगे डोळ्यांत भरत होती.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

“हे कोणी काढलंय?”

“काढलंय?” मामांना प्रश्न कळला नाही. “काढलेलं नाही मॅडम, आहे. मी फक्त उजळलंय.”

“मला खडूखालचं बघायचंय, मामा. धुऊन घेता?”

मामांनी तत्परतेने बादली आणली, पाणी ओतले आणि ब्रश घेऊन सवयीने खसाखसा घासायला लागले.

“ब्रश नको!” बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की मामांच्या हातून ब्रश पडलाच. “रोज घासता असं?”

“रोज. पावसाचे महिने सोडून. तीस वर्षं झाली.”

बाईंनी रागावून काही म्हटले नाही. त्या बसल्या आणि त्यांनी मामांना शांतपणे समजावले, की हा दगड बारीक कणांचा बनलेला आहे, आणि ब्रशाच्या प्रत्येक हाताबरोबर थोडे कण निघून जातात. एका दिवसात कळत नाही. तीस वर्षांत रेष जाते. मामा ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

पाणी वाळले. वर रणरणते ऊन होते. खडकावर लाल फुली होती, चार भेगा होत्या, बाकी काही नव्हते. बाईंनी चष्मा बदलून बघितले, उताराच्या वरून बघितले, आडव्या पडून बघितले. बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपले.

“कुठंतरी काहीतरी लागतंय हाताला,” त्या म्हणाल्या. “पण मला डोळ्यांनी दिसेल तेच मी लिहू शकते. ‘हाताला लागतं’ असं लिहिता येत नाही यादीत. कोरं दिसलं तर कोरं लिहीन. मला वाईट वाटेल, पण तसंच लिहीन.”

भरतीमुळे लाँच चारला सुटणे भाग होते. तीन वाजत आले होते. मामी दुकान बंद करून आल्या होत्या आणि लांब उभ्या होत्या. मामा खडकाभोवती गोल फिरत होते. मग ते थांबले.

“आरसा!” ते म्हणाले. “आरसा आण गं. खोलीत उजेड पाडतो तसा दगडावर पाडू. हरीण दिसेल.”

भाची जागची हलली नाही.

“अगं, आण ना!”

“मामा,” ती म्हणाली, “आरशात हरीण दिसणार नाही.”

“म्हणजे? तू बघितलंस?”

तिने होकारार्थी मान हलवली. मामांनी मामींकडे बघितले. मामी समुद्राकडे बघायला लागल्या. मामा भोळे होते, पण मठ्ठ नव्हते. दोघींना काहीतरी माहीत आहे आणि आपल्याला नाही, एवढे त्यांना कळले. हरीण जाणार, हेही कळले असावे. त्यांनी पायाखालच्या दगडाकडे बघितले, लाल फुलीकडे बघितले. मला वाटले, आता ते चिडतील, म्हणतील राहू दे, फुटायचा असेल तर फुटू दे दगड. वडिलांचे हरीण तरी लोकांच्या आठवणीत शाबूत राहील.

“काही दिसतं का पण?” त्यांनी विचारले.

“दिसतं.”

“मग आण.”

भाचीने मला आणले. मामींनी आणि बाईंनी लाँचवरची ताडपत्री खडकावर दोन बाजूंनी ताणून धरली आणि सावली केली. भाची दहा पावले खाली गेली, मला जमिनीलगत धरले आणि ऊन पकडले. उजेड खडकावर इकडेतिकडे उड्या मारू लागला. समुद्रात पन्नास टनांची लाँच सरळ ठेवणारी बाई, पण हातभर आरसा तिला स्थिर धरवेना. मामा खाली आले. त्यांनी तिच्या हातातून मला घेतले. घेताना क्षणभर त्यांचा चेहरा माझ्यात आला. मित्रांनो, हजारो चेहरे मी बघितले आहेत. तो मला बघवला नाही. पण आरशाला मान फिरवता येत नाही.

त्यांनी धरलेला उजेड मात्र जागचा हलला नाही. ऊन खडकावर तिरपे पसरले आणि होडी वर आली.

बाई ताडपत्री सोडून देणारच होत्या, मामींनी डोळे वटारले म्हणून धरून राहिल्या. मग भाची वर धावली आणि तिने त्यांची बाजू धरली. बाईंनी कागद अंथरला आणि भराभर पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. मधेमधे त्या बोलत होत्या, कोणाशी ते त्यांनाही ठाऊक नसावे. “तळ... हे टोक... एक माणूस, दोन, तीन...”

आठपर्यंत मोजून त्या थांबल्या.

“पुढच्या टोकापाशी आणखी तिघं आहेत. पण त्यांचे फक्त पाय राहिलेत. पाय खोल आहेत म्हणून वाचले. वरचं सगळं झिजलंय. एवढ्याच जागी इतकं का झिजलं असेल?”

मग माझ्या मागून मामांचा आवाज आला. पाहुण्यांशी बोलताना असायचा तोच आवाज, फक्त हळू.

“तिथं तोंड होतं, मॅडम. हरणाचं. डोळा मनासारखा यायचा नाही, म्हणून तिथं मी जास्त घासायचो.”

बाईंनी पेन्सिल थांबवून त्यांच्याकडे बघितले. “अकरा माणसं होती म्हणजे,” त्या एवढेच म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर अकरा जोड्या पाय आणि आठ माणसे काढली.

चारची लाँच सव्वाचारला सुटली. भाचीने बेटावरच्या नोकरीत केलेला पहिला उशीर तो.

दगड यादीत गेला. रस्ता चाळीस पावले सरकला. लाल फुली काढायला खात्याचाच माणूस आला, कारण ती घासायची परवानगी आता कोणालाही नव्हती, मामांना तर नव्हतीच. हरणाची छापलेली तिकिटे संपेपर्यंत तीच फाडली जात होती. लाँचवरचे हरीण भाचीने स्वतः वर रंग मारून झाकून टाकले.

मामांनी काय करायचे, हा प्रश्न होता. मामी म्हणाल्या, “खात्याला नवा शोध लागला, एवढंच सांगा लोकांना. खोटं नाही ते.” खरेच खोटे नव्हते. आणि अर्धे बेट तेच सांगत होते.

पुढच्या रविवारी पहिली लाँच लागली. पंचवीस-तीस माणसे उतारावर आली. मामांच्या खिशात खडू नव्हता, हातात मी होतो. खिशापाशी त्यांचा हात दोनदा गेला.

“या दगडावर तीस वर्षं मी लोकांना हरीण दाखवलं,” ते म्हणाले. “ते हरीण माझ्या वडिलांचं होतं. दगडाचं नव्हतं. दगडाची होडी आहे. या, दाखवतो.”

कोणीतरी हसले. एक गृहस्थ मागून म्हणाले, “अहो, मी तीनदा येऊन हरीण बघून गेलोय! त्याचं काय?”

“चौथ्यांदा बघा,” मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर ऊन घेतले.

लोकांनी होडी बघितली. मुलांनी माणसे मोजायला सुरुवात केली. आठ, आठ, माझी पण आठ. मग मामा म्हणाले, “अकरा होते. तीन माझ्या हातून पुसले गेले.” एवढेच. भरतीची वेळ सांगावी तितक्या साधेपणाने. पुढच्या लाँचलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मामी त्यांना कितीदा म्हणाल्या, की बाकी सगळे सांगा, हे वाक्य तेवढे गाळा, उगाच स्वतःचा पाणउतारा कशाला? त्यांनी ते आजवर एकदाही गाळलेले नाही. बेट त्यांना अजून खडूमामाच म्हणते. त्यांनी कोणाला अडवले नाही.

मी आता फार दिवस पुरणार नाही, मित्रांनो. खाऱ्या वाऱ्याने माझी पाठ सोलत चालली आहे आणि तडा वर्षाला बोटभर सरकतो. त्याचे मला दुःख नाही. मी मोडलो तर बाजारात माझ्यासारखे पुष्कळ मिळतात. तुम्ही कधी अशा बेटावर गेलात, अशा दगडांपुढे उभे राहिलात आणि काहीच दिसले नाही, तर खडू काढू नका, नखाने उकरू नका, पाणी मारून हात फिरवू नका. थोडे थांबा. ऊन तिरपे होऊ द्या, नाहीतर कोणाकडे तरी आरसा मागा. आणि मदत करायचे फारच मनात आले, तर माझ्या काचेवर धूळ असते, ती फडक्याने खुशाल पुसा. मला कितीही पुसा. त्या आठ जणांना मात्र नुसते बघा.